डोकेदुखीच्या दोन गोळ्या

नव्वदच्या दशकात काही वर्षं मी बहरीनच्या एका खासगी दवाखान्यात मिडवाइफ होते. गरोदर बायकांची तपासणी सकाळी असे. मोठे डॉक्टर युरोपातून आलेले, त्यांच्या हाताखाली आम्ही तिघी भारतीय. दार सगळ्यांना एकच होतं, पण आत आल्यावर जुफैरच्या साहेबी वस्तीतल्या गोऱ्या बायका डावीकडे खुर्च्यांवर बसत आणि कामगारांच्या बायका उजवीकडच्या बाकावर. असा नियम कुणी लिहिलेला नव्हता. फाइलींचे रंग मात्र वेगळे होते, आणि त्या लावायचं काम माझ्याकडे होतं.

बाकावर बसणाऱ्यांत रत्नागिरीकडची एक मुलगी होती. मुसलमान घरातली, वीस-एकवीसची, पहिलटकरीण. नवरा मआमीरच्या कारखान्यांच्या भागात एका वर्कशॉपमध्ये वेल्डर. मी पहिल्यांदा मराठीत बोलले तेव्हा ती इतकी दचकली, की तिच्या हातातली पिशवीच खाली पडली. मला ती 'बाय' म्हणायची. तपासून झालं तरी लगेच उठायची नाही. खोलीच्या खिडकीतून नुसत्या तेलाच्या टाक्या दिसतात, नवरा शिफ्टला गेला की बोलायला कुणी नाही, आईनं पाठवलेलं कुळथाचं पीठ संपत आलंय, असं काहीबाही सांगत राहायची.

आठवा महिना लागला आणि एका सकाळी ती कपाळ धरूनच आली. म्हणाली, "बाय, दोन दिवस डोक्यात घण पडतायत. डोळ्यांपुढं काजवे चमकतात."

पाय सुजले होते. बोटातली अंगठी रुतून बसली होती. मी ब्लडप्रेशर घेतलं, वाढलेलं होतं. पुन्हा घेतलं, तेवढंच. आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी मान वर केली नाही. या बायकांना घरची आठवण आली की डोकं दुखतं, म्हणाले. डोकेदुखीच्या दोन गोळ्या द्या, पंधरा दिवसांनी बोलवा. झटके येण्याआधी असंच होतं, लघवी तपासू का, असं मी विचारलं.

"सिस्टर, इथं डॉक्टर कोण आहे?"

तासाभरापूर्वीच डावीकडच्या एका बाईचे पाय थोडेसे सुजलेले पाहून त्यांनी तिची लघवी तपासायला लावली होती, रक्त काढायला सांगितलं होतं, वर दोन दिवस ॲडमिट करून घेतलं होतं. तिची तपासणी मीच केली होती. लघवी तपासायच्या पट्ट्यांचा डबा माझ्या ड्रॉवरमध्ये होता. दोन मिनिटांचं काम, विचारायचीही गरज नव्हती. पण माझा व्हिसा संपत आला होता आणि पुढचं त्यांच्या सहीवर होतं. मी ड्रॉवर उघडला नाही.

आम्ही अकोल्याकडचे बौद्ध. माझ्या जन्माआधीच्या एका बाळंतपणात आई अडली, तेव्हा तालुक्याहून नर्स आली होती. ती उंबऱ्याबाहेर उभी राहून काय करायचं ते सांगत राहिली. आईला तिनं हात लावला नाही. ते बाळ वाचलं नाही. हे ऐकत मी मोठी झाले, त्यासाठीच हे काम शिकले. आणि त्या मुलीला मी गोळ्या दिल्या, पाय उशीवर ठेव म्हणाले.

"घाबरायचं काय नाही ना?" तिनं विचारलं.

मी नाही म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिला आणलं तेव्हा झटके चालू होते. नवरा कामाच्याच कपड्यांत होता, तिची जीभ चावली जाऊ नये म्हणून त्यानं स्वतःचं बोट तिच्या दातांत घातलं होतं. बाळाचे ठोके सापडले नाहीत. डॉक्टर धावत आले आणि दोन तास हलले नाहीत, हेही सांगायला हवं. ती वाचली ती त्यांच्यामुळेच. पोटातली मुलगी मात्र आधीच गेली होती. मी तिला पुसून कपड्यात गुंडाळलं. जावळ दाट होतं.

संध्याकाळी फाइल लावायला घेतली. डॉक्टरांनी लिहिलं होतं : पेशंट उशिरा आली. नवऱ्यालाही त्यांनी तसंच सांगितलं होतं. मी त्याखाली आधीच्या तपासणीची तारीख लिहिली, दोन्ही वेळचं ब्लडप्रेशर लिहिलं, तिनं काय काय सांगितलं ते लिहिलं. लघवी डॉक्टरांनी तपासायला सांगितली नाही आणि मीही तपासली नाही, असं लिहून सही केली.

पाचव्या दिवशी ती नीट शुद्धीवर आली. मला जवळ बोलावून म्हणाली, "बाय, मी आधी आलेले ना? हे म्हणतात उशीर केला मी."

"आली होतीस. वेळेवर आली होतीस. चूक आमची आहे, माझीसुद्धा."

नवरा शेजारीच उभा होता. तिनं कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी माफी मागितली ती तिच्या पाठीला. नवरा मला बाहेर घेऊन आला. बोललो तर काम जाईल, म्हणाला, तुम्ही पण आता काय बोलू नका.

माझा व्हिसा पुढे वाढला नाही. कारण कुणी दिलं नाही, मी विचारलंही नाही. निघायच्या आदल्या आठवड्यात तिचा नवरा कसल्याशा कागदासाठी दवाखान्यात आला होता. बाळाला इथंच पुरलं, तिला गावी पाठवून दिलं, असं त्यानं सांगितलं. ती कशी आहे, मी विचारलं.

तो म्हणाला, "जेवते. बोलत नाही."