अज्जांच्या घड्याळाचे ठोके

१७ मे १९६१, बुधवार, बाजारचा दिवस. रक्कम चार रुपये पन्नास नये पैसे. हजर असलेले: मी, लाकूडवखारीचे कारकून, पोस्टमास्तर, खानापुराहून बाजाराला येणारा घड्याळजी, आणि आम्हा तिघांत मिळून एक असलेले म्हातारे शिपाई. त्यांना सगळे गाव अज्जा म्हणे. घड्याळ अज्जांचे होते. पैसे आम्ही तिघांनी भरले, प्रत्येकी दीड रुपया. अज्जांकडून काही घेतले नाही. त्रास आम्हाला होतो, तेव्हा खर्चही आम्हीच करायचा, असा हिशेब मी मांडला होता आणि तो सर्वांना सभ्यपणाचा वाटला.

रामनगरच्या वाटेवरच्या आमच्या गावात तेव्हा कचेरीसाठी भाड्याने मिळेल अशी पक्क्या भिंतींची एकच कौलारू खोली होती. तिच्यात तीन टेबले. खिडकीजवळचे टपालाचे, दाराजवळचे वखारीचे, आणि आतल्या भिंतीला पाठ करून सोसायटीचे, म्हणजे तिचा सेक्रेटरी म्हणून माझे. भाडे तिघांत सारखे. अज्जांना महिना अठ्ठावीस रुपये मिळत. त्यांतले बारा टपालाचे, कारण रोजची थैली मोटरीवर पोचवायचे काम मोठे. आठ वखारीचे आणि आठ सोसायटीचे.

अशा खोलीत राहायचे तर काही रीती आपोआप पडतात. मास्तरांच्या पाण्याच्या तांब्याला दुसऱ्याने हात लावायचा नाही. माझी रूळ-पट्टी कोणी नेली तर संध्याकाळच्या आत परत यायची. वखारीचे कारकून मात्र कोणाचीही छत्री उचलून बाहेर पडत आणि परत येताना ती ओलीच कोपऱ्यात टेकवत. त्यांना कोणी बोलत नसे, कारण लाकूड मोजून आले की गड्यांसाठी मागवलेल्या चहातला एकेक कप ते आमच्या टेबलांवरही पाठवत.

आवाजाचेही तसेच. मास्तर शिक्के मारायला लागले की माझी दौत हलत असे. वखारीतले गडी दारात उभे राहून ओंडक्यांची लांबी ओरडून सांगत आणि कारकून तितक्याच मोठ्याने ती म्हणत म्हणत लिहीत. मी बेरीज करताना ओठांत पुटपुटतो, ते इतरांना माशी घोंगावल्यासारखे वाटते, असे मास्तर म्हणत. पण हे सगळे कामाचे आवाज, म्हणून ते चालायचे. घड्याळाचा आवाज कोणाच्याच कामाचा नव्हता, असे आम्ही धरून चाललो होतो.

ते घड्याळ माझ्या डोक्यावरच्या भिंतीवर होते. लांब लंबकाचे, काचेच्या दाराचे. अज्जा तरुणपणापासून एका इंग्रज लाकूडव्यापाऱ्याच्या बंगल्यावर कामाला होते. स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी तो व्यापारी गाशा गुंडाळून गेला, तेव्हा हे घड्याळ त्याने अज्जांना दिले. अज्जांचे खोपट कुडाचे. कारवीच्या काठ्यांवर शेण-माती लिंपलेल्या भिंतीत ना खिळा टिके, ना लंबकाचे घड्याळ सरळ राही. म्हणून ते कचेरीत. दर सोमवारी अज्जा स्टुलावर चढून किल्ली देत आणि धोतराच्या सोग्याने काच पुसत. गावात कोणालाही वेळ विचारायची असेल तर तो दारातून हाक मारी, "अज्जा, किती झालं?" आणि अज्जा वर न बघता सांगत. आपलेच घड्याळ, त्याच्याकडे कशाला बघायचे, असा त्यांचा रुबाब आहे, असे आम्हाला वाटे.

त्या घड्याळाचे ठोके फार खणखणीत. तासाला तेवढे आणि अर्ध्या तासाला एक. उभी बेरीज करताना मधेच दुपारचे बारा पडले की ते ठोके माझ्या आकड्यांत मिसळत. एकदा बेरीज बरोबर बाराने जास्त आली. कारकुनांनी ती गोष्ट गावभर केली. त्यांनीच मग घड्याळजीला बोलावले.

"घड्याळ ऱ्हाऊ दे, नुसतं तोंड बंद करा त्येचं," ते म्हणाले.

घड्याळजीने पाच रुपये सांगितले. ठोक्याची हातोडी आणि तारेचे वेटोळे त्यालाच ठेवू दिले तर साडेचारात करतो, असेही म्हणाला. मी म्हटले, साडेचारात करा. अज्जा स्टूल धरून उभे होते.

"चालंल न्हवं, अज्जा?" कारकुनांनी विचारले.

"तुमचं काम खोळंबतंय म्हटल्यावर मी काय बोलू," अज्जा म्हणाले.

मे महिना तसाच गेला. खोली शांत झाली. माझ्या बेरजा बरोबर येऊ लागल्या आणि मी घरी बायकोला सांगितलेही, की दीड रुपया सत्कारणी लागला.

जूनच्या मध्यावर मोटर पहिल्यांदा चुकली. साडेतीनची खानापूरची मोटर आमच्या गावाबाहेर वळणावर थांबत असे. अज्जा तीनला थैली घेऊन निघत. त्या दिवशी ते वळणावर पोचले तेव्हा रस्ता रिकामा होता. थैली भिजू नये म्हणून त्यांनी ती घोंगडीत गुंडाळली होती. ते स्वतः भिजून परत आले. मास्तर चांगले मनुष्य. "होतं एखाद वेळेस," एवढेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी अज्जा एक वाजल्यापासूनच थैली मागू लागले.

"अजून पत्रं यायचीत अज्जा, आत्ता कुठली थैली," मास्तर म्हणाले.

"अज्जाला खानापूरला सोयरीक बगायची हाय वाटतं," कारकून म्हणाले.

अज्जा हसले आणि ओसरीवर जाऊन बसले.

त्याच आठवड्यात एका दुपारी खोलीत आम्ही दोघेच होतो. बाहेर पाऊस आणि अंधारून आलेले. माझी पाठ घड्याळाकडे, हातात नोटांची थप्पी, मोजणी अर्धी झालेली. मी मान न वळवता म्हटले, "अज्जा, किती वाजले?"

अज्जा समोरच उभे होते. मान वर केली की घड्याळ दिसले असते. ते ओसरीवर गेले, आभाळाकडे बघितले, अंगणातल्या खांबाकडे बघितले आणि आत येऊन म्हणाले, "दोन झालं असतील."

मी मोजणी सोडून मागे वळून पाहिले. तीन वाजून वीस मिनिटे झाली होती.

मग मास्तरांनी बांधून ठेवलेली थैली मी त्यांच्या हातात दिली. त्या दिवशी ते पळत गेले, आणि मोटर उशिरा आल्यामुळे थैली चढली. परत आल्यावर ते माझ्या टेबलापाशी उभे राहिले.

"वाचाय येत न्हाई मला त्ये," ते म्हणाले. "सायेबाच्या बंगल्यापास्नं ठोकं मोजायचो. उन्हाळ्यात खांबाची सावली हुती. आता ऊनच न्हाई."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"काय बोलू? घड्याळ माझं, आन मलाच येईना? मास्तरांस्नी सांगू नका. तुमच्या पाया पडतो."

मी सांगणार नाही म्हटले. त्यानंतरच्या बाजाराला घड्याळजीकडे गेलो. हातोडी आणि वेटोळे त्याने खानापुरातल्या एका घड्याळाला बसवले होते. नवे बेळगावहून आणावे लागेल, म्हणाला, पण आता पावसाचे तो इकडे येणार नाही, दिवाळीनंतर बघू. पन्नास नये पैसे वाचवले होते, ते असे.

मग मी अज्जांना घड्याळ शिकवायला घेतले. कारकून आणि मास्तर जेवायला गेले की आम्ही बसायचो. त्या घड्याळावर रोमन आकडे होते, नुसत्या उभ्या-तिरक्या रेघा. मी पाटीवर गोल काढला, भाकरीसारखे चार तुकडे पाडले, सहाच्या जागी खूण म्हणून सुपारी ठेवली. आखूड काटा तासाचा, लांब काटा मिनिटांचा. अज्जा मन लावून ऐकत. लांब काटा मोठा, म्हणून तोच मुख्य, हे मात्र त्यांच्या मनातून जाईना. सव्वाबाराला ते मला म्हणत, "तीन झालं." एकदा त्याच हिशेबाने छत्री घेऊन उभे राहिले, आणि मास्तर म्हणाले, "अहो, मी अजून जेवलो नाही."

"धाकटा काटा बघा," मी हळूच म्हणायचो.

"धाकट्याला काय कळतंय," ते म्हणायचे. हे ते विनोदाने म्हणत की खरेच, ते मला कधी समजले नाही. आठवड्याभराने त्यांनी स्वतःच पाटी पुसून ठेवली. "ऱ्हाऊ दे. माझ्यासाठी तुमचा येळ नको."

राहिला एकच उपाय. रोज तीन वाजता मी खाकरून मोठ्याने म्हणू लागलो, "तीन वाजले." अज्जा थैली उचलत.

"ह्ये बगा मास्तर," कारकून म्हणाले, "साडेचार रुपयं भरून घड्याळाचं तोंड बंद केलं, तर आता सेक्रेटरी ठोकं द्याय लागले. ह्यांची हातोडी कुठं असती वो?"

मास्तर हसले, मीही हसलो. घरी एका रविवारी तीन वाजता माझ्या तोंडून ते निघून गेले. बायको म्हणाली, "कुणाला सांगताय? इथं कोण मोटर पकडणार आहे?" तिलाही मी कारण सांगितले नाही.

जुलै तसा निभला. ठोके पुन्हा बसवून घ्यावेत, सगळा खर्च मी करतो, असे मी एकदा बोलून पाहिले.

"का?" कारकुनांनी विचारले. "सगळ्यांत जास्त तरास तुमाला हुता. बेरीज तुमची चुकायची."

मी खातेवही पुढे ओढली आणि बेरीज करू लागलो.

ऑगस्टमध्ये सोसायटीच्या हिशेबतपासणीसाठी मला दफ्तरे घेऊन सुप्याला जावे लागले. पुढे ढकलता येण्यासारखे ते नव्हते. जाण्याआधी मास्तरांना म्हटले, "तीन वाजता अज्जांना जरा आठवण करा."

"त्यांना कशाला आठवण? त्यांचंच घड्याळ आहे," मास्तर म्हणाले. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, "बरं, करतो." एक दिवस त्यांनी केली. पुढे मनिऑर्डरींची गर्दी झाली आणि ते विसरले. मी पाच दिवसांनी परत आलो तोवर दोन दिवस मोटर चुकली होती, आणि वरून पत्र आले होते: थैली वेळेवर न आल्यास शाखेचा विचार करावा लागेल.

मास्तरांनी ते मला वाचून दाखवले. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता. "सेक्रेटरी, मी काय करू सांगा. माझी शाखाच बंद व्हायची वेळ आली. म्हातारपण आलं त्यांना. दुसरा माणूस बघतो."

त्या क्षणी अज्जा ओसरीवर माझी छत्री झटकत होते. दार उघडे होते. मी त्यांच्याकडे पाहिले, त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि मान हलवली; सांगू नका, अशी. मी म्हटले, "म्हातारपण नाही मास्तर, पाऊस फार आहे यंदा." मास्तर म्हणाले, "पाऊस दर वर्षी असतो. यंदाच्या आधी एकदा तरी चुकली का?"

चुकली नव्हती. तेरा वर्षांत एकदाही नाही.

टपालाचे बारा गेले की उरले सोळा. सोसायटीच्या पंचांपुढे मी आठाचे बारा करावेत असे मांडले. पंच म्हणाले, काम तेवढेच, पगार का वाढवायचा. वखारीच्या मालकाने कारकुनांमार्फत निरोप दिला, की टपालाचा नवा गडी येणारच आहे, तोच आमचे पाणी भरील. म्हणजे सोळांतलेही आठ गेले, उरले माझ्याकडचे आठ. हिशेब कसाही मांडला तरी अज्जांचे पोट त्यात बसत नव्हते. गुंदच्या बाजूला त्यांची लेक दिली होती. तिकडे जातो, म्हणाले.

३० सप्टेंबरला महिन्याचे अठ्ठावीस रुपये मी त्यांच्या हातावर मोजले. कारकून आणि मास्तर आपापल्या टेबलावर होते. अज्जांनी आधीच घड्याळ उतरवून घोंगडीत बांधले होते. लंबक वेगळा काढून बंडीच्या खिशात ठेवला होता.

"लेकीच्यात भिंत हाय का ह्ये लावाय?" कारकुनांनी विचारले. या वेळी त्यांच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

"कुडाचीच हाय," अज्जा म्हणाले. "ऱ्हाईल आडवं."

मग ते रुपये त्यांनी टेबलावर ठेवले, त्यांतले साडेचार वेगळे केले, आणि सुटे मागितले. मी विचारले, कशाला?

"ठोकं काढल्याचं. घड्याळ माझं. माझ्या जिनसाचा खर्च तुमी का सोसायचा?"

मास्तर म्हणाले, "अज्जा, भलतंच काय." कारकुनांनी खुर्ची मागे सारली. अज्जा उभेच राहिले. पैसे घेतल्याशिवाय ते जाणार नाहीत हे दिसत होते, आणि लेकीकडच्या वाटेवर अंधार लवकर पडतो. मी गल्ल्यातून सुटे काढून दिले.

दीड रुपया त्यांनी मास्तरांना दिला, दीड कारकुनांना, आणि दीड मला.