गेजचा काटा पडेपर्यंत

...आणि हो दादा, "हा कुठे टिकत नाही" हे तू फॅमिली ग्रुपवर पुन्हा टाकलंस, म्हणून आज इथे सगळ्यांसमोरच लिहितो. पाच वर्षांत चार गॅरेज सोडली, खरंय. आठवीत शाळा सोडली, तेही खरंय. पण लातूरहून इतक्या लांब, रत्नागिरीत, एकाच गॅरेजला मी दीड वर्ष आहे, ते कधी टाकलं नाहीस...

गेल्या आठवड्यात आमचं जुनं गिऱ्हाईक, आंबेवाले हमीदचाचा, यांची गाडी परत आली. चाचांचा डावा गुडघा गेलाय, क्लच दाबवत नाही, म्हणून ऑटोमॅटिक घेतलेली. तापली की चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी सरकायची नाही.

परत आली म्हणजे चूक माझी. स्कॅनरने प्रेशरच्या सोलेनॉइडचं नाव घेतलं आणि मी काही न तपासता नवा टाकला. सोलेनॉइड म्हणजे गिअरबॉक्सच्या तेलाचं प्रेशर कमीजास्त करणारी, करंटवर चालणारी झडप.

गॅरेजचे शेठ म्हणाले, "उद्यापर्यंत सुटलं नाही तर गिअरबॉक्स खोलायला कोल्हापूरला, आणि सोलेनॉइडचे पैसे तुझ्या पगारातून." म्हणजे आईला पाठवायच्या पैशांना कात्री... आणि ग्रुपवर तुझा पुढचा मेसेज.

कपाटात एक प्रेशर गेज पडून होतं, स्कॅनर आल्यापासून कुणी हात न लावलेलं. ते गिअरबॉक्सला जोडलं. गाडी थंड, काटा बरोबर. माझ्या स्वभावाने मी इथेच उठलो असतो.

पण बिघाड तापल्यावरचा होता ना. मग इंजिन चालू ठेवून काट्याकडे बघत बसलो. चाळीस मिनिटं. मोबाईलही नाही.

चाचा वाकून म्हणाले, "अरे घाटावरच्या, आज बरा नाय काय? दीड वर्षात तुला बसलेला आज बघतोय."

आणि काटा पडला... सोलेनॉइडचा कनेक्टर काढला, तर काटा सरळ वर. करंट तोडला की ही झडप फुल प्रेशर देते, तशीच बनवलेली असते. म्हणजे तेलाचा पंप ठणठणीत, झडप तर नवीच. घोळ वायरमध्ये.

वायर चाचपत गेलो तर गिअरबॉक्सच्या डोक्यावर हाताला पेंढा लागला. उंदराने घर केलेलं. वायर कुरतडलेली, ती तापली की बॉडीला टेकायची, झडपेला नको तेवढा करंट जायचा आणि प्रेशर पडायचं.

"चाचा, गाडी आंब्याच्या अढीशेजारी लावता काय?"

"मग काय, आंबे उन्हात नि गाडी पेंढ्यात ठेवू?"

वायर नवी टाकली, पेंढा काढला आणि हातखंब्याचा चढ दोनदा चढून आलो. चाचा शेजारी बसून सारखे मागे बघत होते, कोण हॉर्न देतंय का म्हणून. कुणी दिला नाही.

सोलेनॉइड उगाच बदलला तो बदललाच. अर्धे पैसे चाचांनी स्वतःहून दिले, अर्धे शेठनी माझे कापले. वाईट वाटलं नाही... गप्प बसून बघत राहिलं की कळतं, हे मला शाळेत कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तेव्हा मी वर्गात नसेन.

दादा, आईला सांग, या महिन्यात नेहमीचे नऊ नाहीत. आज टाकलेत सात हजार शंभर.