आक्कांनी वाटलेले फोटो

बोरगावहून फोन आला तेव्हा मी बेळगावात, कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये होते. "पद्माक्का गेल्या..." पुढचं मला ऐकूच आलं नाही. तशा त्या माझ्या नात्यातल्या कुणी नव्हत्या, माहेरच्या शेजारीण. पण माहेरी गेले की आधी त्यांच्या दारात, मग आमच्या.

यजमान गेल्यावर त्यांच्या दोन्ही मुलांचं विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून बिनसलं आणि बोलणंच तुटलं. थोरला निपाणीला गेला, धाकटा बाळू गावातच वेगळा राहिला. "नावंच बघ की गं आम्ही ठेवलेली, भरतेश आणि बाहुबली! पुराणातलं ते भाऊबी राज्यासाठी भांडलेच की. हे भांडणार न्हाईत तर काय करतील?" असं म्हणून आक्का हसायच्या. पण सणाला थोरला आला की धाकटा फिरकायचा नाही, आणि त्या दिवशी आक्कांना घास जायचा नाही.

गेल्या वर्षी त्यांनी घरातले जुने फोटो माझ्याकडून कॉम्प्युटरवर चढवून घेतले आणि स्वतः माऊस शिकायचा हट्टच धरला. दोन मुलांचे दोन फोल्डर. फोटो पकडायचा, ओढत न्यायचा, फोल्डरवर सोडायचा. बटण इतकं घट्ट दाबायच्या की नख पांढरं पडायचं. "मधीच सुटला तर कुठं पडंल गं?" मी म्हटलं, आक्का, असा ओढला की फोटो इथला तिकडं जातो, कंट्रोल दाबून ओढा, कॉपी होईल, दोघांनाही सगळे मिळतील.

"नको. सगळ्यास्नी सगळं मिळालं की कोण कुणाच्या दारात जातंय?"

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. भरतेशदादाचा जावळाचा फोटो त्या बाळूच्या फोल्डरात टाकत होत्या आणि बाळूचे सगळे भरतेशदादाच्या. मी तसेच दोन पेनड्राइव्ह भरले. "मी गेल्यावर दोघांस्नी दे," म्हणाल्या, "आधी दिले तर माझ्याशीच भांडत बसतील."

आक्का गेल्यावर मी दोघांना ते पोचवले, आणि परवा भरतेशदादाचा फोन आला. चिडलेला. "काय गं, आईनं काय गोंधळ घातलाय हा? ह्यात सगळा बाळूच हाय. बाळू रांगताना, बाळू शाळंत... मी एकबी न्हाय!" सगळ्या फोटोंची एक प्रत माझ्याकडे आहे. लगेच पाठवता आले असते. आक्का आत्ता हव्या होत्या.

"माझ्याकडं काही नाही, दादा," मी धडधडीत खोटं बोलले. "बाळूदादाकडं असतील."

तो हळूच म्हणाला, "सांजचं घरात असतो का गं त्यो?"