तीन ट्रेमोलो आणि मला ऐकू न आलेली टिकटिक

गेल्या वर्षी माझ्या मैत्रिणीनं एक संथ गाणं बांधलं. ती गाते, गाणी स्वतः लिहिते आणि मी तिच्या मागं इलेक्ट्रिक गिटार वाजवते. आम्ही दोघीच. ती कर्वेनगरात माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते आणि कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून काढण्याचा मला पगार मिळतो. मूळची मी अकोल्याची. गिटार इंजिनिअरिंगला असताना लागली, ती चाळिशी उलटली तरी सुटलेली नाही.

त्या गाण्यात शब्दांच्या मागं गिटारचा स्वर थरथरत राहायला हवा होता. छेडलेला सूर सलग न वाजता भराभर लहान-मोठा, लहान-मोठा होत राहतो, तसा. हे काम ट्रेमोलो नावाचं पेडल करतं. पायाशी ठेवायचा एक डबा असतो, गिटारची वायर त्याच्यातून अॅम्पकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरकडे जाते. एका नॉबनं थरथर किती जलद ते ठरतं, दुसऱ्यानं किती खोल ते. एका लहानशा हॉलमध्ये चार गाणी म्हणायची होती, तेवढ्यासाठी महागडं पेडल घेण्यात अर्थ नव्हता. "मी तीन-चार स्वस्तातली आणून ऐकून बघते," मी मैत्रिणीला म्हटलं. असली कामं मला मनापासून आवडतात.

तीन पेडलं जमली. पहिलं ऑनलाइन मागवलेलं, काडेपेटीपेक्षा थोडंच मोठं, नारिंगी. दुसरं हडपसरच्या एका मुलाकडून घेतलेलं जुनं, निळं आणि विटेसारखं जड. त्याची बंगळुरूला बदली झाली होती आणि तो सामान कमी करत होता. तिसरं कॅम्पातल्या एका दुरुस्तीवाल्या चाचांनी हातानं बनवलेलं. चाचांच्या वडिलांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. त्याच गाळ्यात ते आता अॅम्प, मिक्सर, कीबोर्ड दुरुस्त करतात आणि कुणी सांगितलं तर पेडलंही बनवून देतात. त्यांच्या डब्यावर रंग नव्हता, नाव नव्हतं, नॉबवर आकडेही नव्हते.

एका शनिवारी दुपारी मी तिन्ही पेडलांवर एकच ओळ वाजवली आणि रेकॉर्ड केली. मग आमच्या गिटारवाल्यांच्या ग्रुपवर लांबलचक परीक्षण लिहिलं. निळं पेडल दाबलं की एकूण आवाज खाली जातो, म्हणून ते बाद. चाचांच्या डब्याबद्दल मी लिहिलं, "गोधडीत गुंडाळून वाजवल्यासारखं. सुराला कडाच नाही." आणि नारिंगी पेडलाला पहिला नंबर दिला, "स्वच्छ, मोकळं आणि अगदी शांत. एवढ्या किमतीत इतकं शांत पेडल मी पाहिलेलं नाही." सोबत रेकॉर्डिंगही जोडलं.

पहिली प्रतिक्रिया तासाभरात आली. "नारिंगी पेडलाबरोबर घड्याळ फुकट मिळतं का?" त्याखाली दुसऱ्या कुणाचं तरी, "परीक्षण उत्तम. आता एकदा ऐकूनही घ्या." पुण्यात एखाद्याला मूर्ख म्हणायचं असेल तर तो शब्द वापरावा लागत नाही. एक मुलगी मात्र सरळपणे विचारत होती, "ताई, तुमचं वाचून मी लगेच मागवलं, आज आलंय. पण वाजवत नसतानाही टिक टिक टिक येतंय. माझ्याकडचंच खराब आहे का?"

मी तिला उत्तर दिलं, "तुझा अॅडॉप्टर हलका असेल. चांगला लाव." बाकीच्यांना काहीच लिहिलं नाही. मनातून मी भडकले होते. रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. काही नव्हतं. हेडफोन लावून ऐकलं, तरी काही नाही. मग तारांवर हात ठेवून त्या गप्प केल्या, नारिंगी पेडल चालू केलं आणि नवऱ्याला हाक मारली. त्याला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून त्याचाच कान निष्पक्ष.

तो हातातला टॉवेल घडी करत दारात आला. "काय?"

"काही ऐकू येतंय?"

"टिकटिक येतेय की." तो इकडंतिकडं बघायला लागला. "कुठून येतेय?"

मला वाटलं, थट्टा करतोय. मी अॅम्पचा आवाज वाढवला. मला फक्त अॅम्पची नेहमीची घूं मोठी झालेली ऐकू आली. त्यानं मात्र कपाळाला आठ्या घातल्या. "अगं, बंद कर ते. डोक्यात जातंय."

तो गेल्यावर मी तो आवाज लॅपटॉपवर रेकॉर्ड केला. पडद्यावर आवाजाची रेघ उमटते, ती मोठी करून पाहिली. सपाट रेघेवर ठरावीक अंतरानं बारीक टोकं उभी होती. मी नॉब फिरवून वेग वाढवला, टोकं जवळ आली. कमी केला, ती लांब गेली. टिकटिक मला डोळ्यांनी दिसत होती आणि कानांनी ऐकू येत नव्हती.

खरं म्हणजे तिथंच मी काय ते समजायला हवं होतं. पण मी पेडल पिशवीत घातलं आणि दुसऱ्या दिवशी चाचांकडे गेले. कुणी तरी तज्ज्ञानं ते उघडावं, त्यात दोष सापडावा आणि दोष फक्त पेडलातच असावा, एवढंच मला हवं होतं.

चाचांनी पेडल हातात घेतलं, पण उघडलं नाही. "आमच्या डब्याबद्दल तुम्ही लिहिलं ते माझ्या मुलीनं वाचून दाखवलं मला," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, तेच मला जास्त लागलं. "गोधडी म्हणालात."

"चाचा, मला जसं ऐकू आलं तसं लिहिलं."

"तसंच लिहायचं असतं." त्यांनी नारिंगी पेडल टेबलावरच्या अॅम्पला जोडलं आणि चालू केलं. "हं. वेग ठरवणारं सर्किट आणि आवाजाचं सर्किट एकाच डबीत कोंबलंय, म्हणून टिकटिक. स्वस्तात असं होतं." मग पाठमोरे होऊन ते टेबलावर वाकले, स्क्रूड्रायव्हर उचलला, काही तरी खुडबुड केली. "आता बघा. गेली?"

मी कान देऊन ऐकलं. "गेली," मी म्हणाले.

चाचा वळले. पेडलाचं झाकण जसंच्या तसं बंद होतं, चारही स्क्रू जागच्या जागी. "मॅडम, मी अजून हात पण नाही लावला याला."

त्यांनी स्टूल पुढं सरकवलं. "बसा. माझ्या वडिलांचं असंच झालं होतं. रेडिओची शिट्टी त्यांना ऐकू येईना, गिऱ्हाइकाशी भांडायचे. कान दाखवून घ्या. आजच घ्या, उद्यावर टाकू नका."

त्या दिवशी नाही, पण त्याच आठवड्यात मी गेले. कानाच्या तपासणीला एका बंद खोलीत बसवतात, हेडफोन लावतात आणि हातात बटण देतात. सूर ऐकू आला की बटण दाबायचं. जाड सुरांना मी पटापट दाबत होते. मग सूर बारीक होत गेले आणि मध्ये लांबलचक शांतता यायला लागली. काचेपलीकडं बसलेल्या तपासनीस बाईंचा हात हलताना दिसत होता. म्हणजे त्या सूर पाठवत होत्या. शेवटी शेवटी त्यांच्या हाताकडं बघून बटण दाबावं, असा विचार माझ्या मनात आला. दाबलं नाही, एवढंच.

आलेख डावीकडे, जाड सुरांपाशी, ठीक होता; उजवीकडे, बारीक सुरांपाशी, जिना उतरावा तसा खाली गेला होता. दोन्ही कानांचं तेच, उजव्याचं जास्त. डॉक्टर म्हणाले, "गेलेलं परत येत नाही. आहे ते सांभाळायचं." कशामुळं, ते नेमकं सांगता येणार नाही म्हणाले. मी त्यांना सांगितलं, हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये जाऊन-येऊन रोज तीन-तीन तास, ट्रॅफिकच्या वर आवाज चढवून हेडफोन, आणि वीस वर्षं उजव्या कानाशी अॅम्प. त्यांनी फक्त मान डोलावली.

मग त्यांनी सहज विचारलं, "लोक पुटपुटल्यासारखे वाटतात का? स, श, त, फ ही अक्षरं आधी जातात. समोरचा बोलतो नीट, पण शब्दाच्या कडा ऐकू येत नाहीत."

मला मैत्रिणीची आठवण झाली. सहा महिने मी तिला सांगत होते, तुझे शब्द स्पष्ट येत नाहीत. प्रत्येक सरावाला थांबवत होते. "'सावली' म्हण नीट, 'आवली' ऐकू येतंय." ती पुन्हा म्हणायची. मी पुन्हा थांबवायचे. एकदा तर म्हणाले होते, "इतकं चांगलं लिहितेस आणि खाऊन टाकतेस."

नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. मैत्रिणीकडे जायला मला तीन दिवस लागले. ती मुलांची जर्नल तपासत बसली होती. मी उभ्यानंच सगळं सांगून टाकलं, पेडल, चाचा, तपासणी, आणि तिच्या शब्दांचं. "तुझं काहीच चुकत नव्हतं," मी म्हणाले. "मला ऐकू येत नव्हतं."

तिनं लाल पेनाला टोपण लावलं.

"मी दातांच्या डॉक्टरकडे जाऊन आले," ती म्हणाली. "मला वाटलं, पुढच्या दातांत फट पडलीय. ते म्हणाले, काही झालेलं नाही. तरी मी आरशासमोर उभी राहून 'स' म्हणत होते. वर्गात शिकवतानासुद्धा. मुलं हसायला लागली होती."

"मला सांगायचंस ना."

"काय सांगणार? तुझी खात्रीच एवढी असायची." मग जरा थांबून, "तू चुकलीस याचा राग नाही मला. कान काय, कुणाचेही जातील. पण एकदाही तुला वाटलं नाही, की आपलंच काही तरी असेल?"

दुसऱ्यांच्या चुका शोधता शोधता स्वतःला तपासायची सवयच राहत नाही, असं काही तरी मी म्हणू शकले असते. पण ते ऐकायला ती बसलेली नव्हती. "आता जा तू," ती म्हणाली. "मला हे संपवायचंय."

घरी येऊन मी ग्रुपवर लिहिलं. माझ्या कानांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत असं तपासणीत निघालंय, परीक्षण चुकीचं आहे, चाचांच्या पेडलाबद्दल लिहिलेलं मागं घेते. अॅडॉप्टरचं सांगितलं होतं त्या मुलीची वेगळी माफी मागितली. तिनं लिहिलं, "इट्स ओके ताई, रिटर्न केलं मी." टोमणे मारणाऱ्यांपैकी कुणीही एक शब्द लिहिला नाही. टोमणा आला असता तर बरं वाटलं असतं.

मैत्रिणीचा फोन अकरा दिवसांनी आला. कार्यक्रमाला आठवडा राहिला होता. "पेडलं आण सगळी," एवढंच म्हणाली.

तिच्या हॉलमध्ये मी तिन्ही जमिनीवर मांडली. ती खुर्ची ओढून अॅम्पसमोर बसली, डोळे मिटले. मी एकेकावर वाजवत गेले. नारिंगी सुरू झाल्याबरोबर तिनं हातानंच बंद कर म्हटलं. निळं दोनदा ऐकलं. चाचांचा डबा लावला तशी ती खाली बसून स्वतः नॉब फिरवायला लागली. "हा," ती म्हणाली. "गोधडी कुठं आहे यात? उलट तूच अॅम्पवरचा बारीक सुरांचा नॉब सगळा चढवून ठेवलायस, केव्हापासून ठेवलायस, कानाला बोचतं." तिनं तोही उतरवला. मला सूर आणखी बोथट वाटला. "असाच राहू दे?" मी विचारलं. "असाच," ती म्हणाली. मी पांढऱ्या पेनानं नॉबच्या जागी खुणा केल्या.

कार्यक्रम झाला. पन्नासेक माणसं होती. संथ गाणं तिसरं होतं. कसं वाजलं ते मी सांगू शकत नाही, कारण मला जे ऐकू आलं ते बाकीच्यांनी ऐकलेलं नव्हतं. टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेत चाचा मुलीबरोबर बसले होते, त्यांनी अंगठा वर केला. मैत्रीण मात्र त्या रात्रीही प्रत्येक 'स' जोर देऊन म्हणत होती. माझ्या सांगण्यानं लागलेली सवय माझ्या माफीनं जाणार नव्हती. तिच्या 'स'चं हे नवऱ्यानं मला सांगितलं, मी विचारलं म्हणून.

आता मीटिंगमध्ये मी श्रवणयंत्र लावते. गिटारला लावत नाही, त्यातून तारा पत्र्याच्या वाटतात. बसमध्ये हेडफोन बंद. गेल्या महिन्यात पुन्हा तपासणी होती. मैत्रीण न विचारता बरोबर आली आणि बाहेर बाकावर बसून राहिली. डावा कान आहे तसाच आहे, उजव्याची रेघ थोडी आणखी खाली आलीय. मी बाहेर येऊन तिला तसं सांगितलं.

तिनं आलेखाचा कागद घेतला, वर्गात उत्तरपत्रिका बघावी तसा पाहिला आणि परत दिला. "मग पुढचं गाणं खालच्या पट्टीत बांधते," ती म्हणाली.

तिनं खरंच ते घेतलंय हातात. अर्धं झालंय. दुसरं कडवं मला पटलेलं नाही, आणि हे तिला सांगायला मी चार दिवस घेतले.