‘आहे’ म्हणणाऱ्याला पास

बास्केटबॉल ज्याला शेवटपर्यंत नीट कळला नाही आणि तरीही ज्याच्याइतका जीव लावून तो कुणी शिकवला नाही, असा एकच माणूस अख्ख्या मुंबईत होऊन गेला. आणि तो आमच्या नायगावच्या शाळेत ड्रिलचा मास्तर होता.

सर मूळचे हुतुतूतले. छाती दाराएवढी, मिशा जेमतेम, आणि खाकी अर्ध्या चड्डीला इतकी कांजी की सर बसले तरी चड्डी उभीच आहे असं वाटायचं. कुणा देणगीदाराने शाळेला दोन लोखंडी कडी आणि एक चेंडू दिला, ते सगळं हेडमास्तरांनी सरांच्या गळ्यात मारलं. सोबत नियमांचं इंग्रजी पुस्तक होतं. सरांचं इंग्रजी ‘अटेन्शन’ आणि ‘स्टँड ॲट ईज’च्या पलीकडे कधी गेलेलं नव्हतं. त्यांनी ते पुस्तक मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या मास्तरांकडून कानाने ऐकलं, आणि जिथे समजलं नाही तिथे खुशाल हुतुतू घातलं. टप्पे मारत पुढे जाणं म्हणजे चढाई, आणि चढाई म्हटली की दम घुमवलाच पाहिजे. पहिल्या सामन्यात मी “हुतुतूतूतू” करत टप्पे मारत निघालो, तेव्हा गिरगावच्या शाळेची पोरं हसून हसून बाजूला झाली आणि मी बास्केट केली. पंचांनी शिट्टी फुंकली खरी, पण दम घुमवू नये असा नियम त्यांना काही सापडेना. “पुस्तक ऐकलंय मी सगळं,” सर म्हणाले, “त्यात तसं काही नाही.” आम्ही बावीस गुणांनी हरलो, पण ती बास्केट धरली गेली.

सरांचा खरा शोध मात्र एका शब्दाचा होता. चेंडू हाती आला की आम्ही पोरं आंधळी व्हायचो, कुणाकडे बघायचोच नाही. मग सर रेषेवर पाय आपटत आपल्या मालवणीत विचारायचे, “मेल्या, खंय आसस?” म्हणजे कुठे आहेस. ज्याच्या अंगावर कुणी नाही त्याने खणखणीत “आहे!” म्हणायचं, आणि ‘आहे’ म्हणणाऱ्याला पास मिळालाच पाहिजे. यात अपील नव्हतं. वर्गातल्या हजेरीलासुद्धा कुणी ‘हजर’ म्हटलेलं त्यांना खपत नसे. “हजर कोर्टात व्हायचं,” ते म्हणत, “इथे ‘आहे’ म्हण.” घरी सरांच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, आतून “चहा घेणार का?” म्हणून विचारलं तरी यांचं उत्तर “आहे!” बाई एकदा आमच्यासमोर म्हणाल्या, “आहात ते दिसतंय हो. चहाचं बोला.”

दादरच्या एका शाळेने ही युक्ती हेरली. ऐन सामन्यात त्यांचा एक पोरगा माझ्या पाठीमागून “आहे!” म्हणाला आणि मी वळूनही न बघता त्याला पास दिला. त्या एका बास्केटने आम्ही हरलो. मी कप्तान, डोळ्यांत पाणी, आणि सर मलाच विचारतात, “तो तिथे होता ना? मग खोटं काय बोलला? तू आपल्या माणसाचा आवाज ओळखायला शीक.”

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. सर एकही मोर्चा चुकवत नसत. परळला तर म्हणे त्यांनी अर्धा मोर्चा डाव्या-उजव्या पावलावर चालवला. “रांग मोडणारे राज्य काय सांभाळणार?” हा त्यांचा सवाल. आम्हीही घोषणा देऊन घसे बसवून घेत होतो. आणि आमच्या संघातला सगळ्यांत उंच पोरगा वसंता पोलीस लाइनीतला होता. त्याचे वडील हवालदार, रोज बंदोबस्तावर.

एका संध्याकाळी लाठी चालली आणि आमच्या चाळीतले दोघं डोकी फोडून घेऊन आले. दुसऱ्या दिवसापासून वसंताला पास मिळेनासा झाला. कुणी तसं ठरवलं नव्हतं, बैठक भरली नव्हती. तो कड्याखाली एकटा उभा राहून “आहे!” म्हणायचा आणि मी चेंडू दुसरीकडे टाकायचो. सर तेव्हा मैदानावर नव्हतेच. त्याच लाठीमारात त्यांचा हात मोडला होता आणि ते इस्पितळात होते. ती बातमी कळल्यावर आमच्या मनात उरलीसुरली दयाही राहिली नाही. वसंताचा ‘आहे’ दिवसागणिक बारीक होत गेला. शेवटी तो म्हणाला, “सर आले की संघाचं बनियन परत देतो. मला नाही खेळायचं.” मी ऐकलं आणि गप्प बसलो.

शनिवारी सर आले. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात झोळी. वसंता घडी घातलेलं बनियन घेऊन पुढे झाला.

“एकच हात चालतोय माझा, त्यात शिट्टी आहे,” सर म्हणाले. “बनियन कुठे धरू? घाल अंगात.”

खेळ सुरू झाला. चेंडू माझ्याकडे. वसंता मोकळा, पण तोंड मिटून उभा. सर पाय आपटत ओरडले, “वसंता, खंय आसस रे?”

“आहे,” तो कसाबसा म्हणाला.

मी चेंडू धरूनच ठेवला. “सर, ह्याच्या बापाच्या लोकांनी तुमचा हात मोडला!”

“हात माझा मोडलाय,” सर म्हणाले. “तुझे दोन्ही शाबूत आहेत. पास दे.”

मोठ्या मनाने दिला म्हणावंसं वाटतं, पण तसं नाही. मी चेंडू त्याच्या छातीवर हाणला. त्याने झेलला, उडी मारली आणि नेम चुकला. सर “शाब्बास!” म्हणून ओरडले. ते कुणाला, हे मला आजतागायत कळलेलं नाही. वसंताने बनियन परत केलं नाही, एवढं खरं.

राज्य झालं त्या दिवशी सरांनी मैदानात पेढे वाटले आणि पहिली पुडी स्वतः पोलीस लाइनीत नेऊन दिली. हात वाकडाच जुळला होता, त्याच हाताने. पुढे आम्ही पांगलो. आमच्या शाळेने कधी ढाल जिंकली नाही, आणि नव्या मास्तरांनी आल्या आल्या ‘आहे’ बंद करून टाकलं.

कैक वर्षांनी मी आणि वसंता प्रभादेवीला सरांच्या खोलीवर गेलो. सरांची नजर गेली होती, माणसंही ते विसरले होते. मी खाटेला टेकूनच बसलो, माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, बावीस गुणांचीही आठवण करून दिली. सरांनी छताकडचं तोंड वळवलं नाही. मग ओठ हलले, “खंय आसस?”

काय बोलावं मला सुचेना. वसंता दारातच चप्पल काढत होता. तिथूनच तो म्हणाला, “आहे, सर!”

तो वाकडा हात गोधडीतून वर आला आणि सरांनी दाराच्या दिशेने पास दिला. हात तसाच हवेत राहिला. मी हाताच्या अंतरावर होतो, तरी पास वसंतालाच गेला. बरोबरच होतं. ‘आहे’ तो म्हणाला होता, मी याही वेळी गप्प बसलो होतो.