दोन हातांची चाल

नणंदेशी बुद्धिबळ खेळताना मी पदराखाली मोबाईल धरून चाली चोरल्या. तेव्हा मी अवघी चौसष्ट वर्षांची होते, अक्कल यायला अजून अवकाश होता.

आक्का, माझी थोरली नणंद, वाटूरला आमच्या समोरच्याच घरात एकटी राहते. दुपारी जेवणं उरकली की माझ्या ओसरीवर डाव मांडायचा, हा आमचा चाळीस वर्षांचा नेम. दोघींना शिकवलं सासऱ्यांनीच. पट माझ्याकडं, मोहरी तिच्याकडं, कारण ती तिच्या बापाची. बहुतेक डाव आक्काच जिंकते. त्यानं माझं काही बिघडलं नव्हतं. पण सुनेनं मोबाईलवर बुद्धिबळ टाकून दिलं, आणि त्यातला शहाणा कुणालाच हार जात नाही हे पाहून मी भाळले.

आक्कानं चाल केली की मी खोकल्याचं निमित्त करून ती मोबाईलात घालायची आणि तो सांगेल ते मोहरं सरकवायची. आक्काच्या कपाळाला आठ्या पडल्या. मला गुदगुल्या. मंग त्यानं सांगितलं, राजा दोन घरं सरकव आणि हत्ती त्याच्या पलीकडं ठेव. मी मोबाईल मांडीत टाकून मुकाट दोन्ही हातांनी दोन्ही मोहरी सरकवली.

आमच्या गावच्या खेळात ही चालच नाही. राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळते, बस. त्या उडीत हत्ती जागचा हलत नाही. एवढं चाळीस वर्षं खेळून मला कळू नये?

“हे कुठलं गं?” आक्का म्हणाली. तेवढ्यात पदराखाली मोबाईल वाजला. तिनं मोहरी डब्यात भरली आणि निघून गेली. आठ दिवस दुपारी तिचं दार बंद.

आता घरोघरी हेच पाहते आणि कावते. सून वरणात मीठ किती ते मोबाईलला विचारते, मुलगा फवारणी कधी करू ते विचारतो, सोयरीक घेऊन आलेला पाहुणासुद्धा आधी त्यातच डोकावतो. बराबर उत्तर सगळ्यांकडं, चुकायची हिंमत बिलकुल कुणात न्हाई. आणि मी कुणाला बोलू? आमच्या गल्लीत सुरुवात मीच केल्ती.

नवव्या दिवशी पट काखेत मारून आक्काच्या दारात उभी राहिले. दुपारचं तिच्याकडं माझ्याशिवाय कुणी येत नाही, आणि मला तिच्याइतकं मन लावून कुणी हरवत नाही. तिनं कडी काढली, माझे दोन्ही हात न्याहाळले आणि म्हणाली, “मोबाईल घरी ठिवला का? मंग बस. पन त्या दिवशीचा डाव तू हरल्ती, ते आधी बोल.”