किल्ली माझ्या खिशात

विलासराव घरात बसू शकत नाहीत. त्यांच्या पत्नी सरितावहिनी गेल्यापासून तर अजिबातच नाही. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला मी मुलाकडे राहतो; तिथून दोन गल्ल्या सोडून ते राहतात. सकाळी साडेआठला दाराशी एकदाच हॉर्न वाजतो आणि मी चपला शोधायला लागतो. कुठे जायचं हे बहुधा त्यांनाही ठाऊक नसतं. समुद्र डाव्या हाताला ठेवायचा की उजव्या, एवढंच ठरतं.

मला लिहायची सवय नाही. जन्मभर लिहिलं ते पाणीपुरवठा खात्याच्या फायलींत. त्यामुळे या माणसाबद्दल नीट सांगता येईल का, शंकाच आहे. पण फेब्रुवारीतला एक दिवस मनातून जात नाही.

विलासराव सत्त्याहत्तर वर्षांचे. एक्याऐंशी साली मिरजेहून आले, पोर्ट केम्ब्लाच्या पोलाद कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काही वाया जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा स्वभाव. गॅरेजमध्ये कॉफीच्या बरण्यांत मापवार नटबोल्ट, पावाच्या धुतलेल्या पिशव्या दोरीवर वाळत. कुणाकडे जेवायला गेले की लहान मुलांच्या ताटल्यांत उरलेलंही संपवून मगच उठणार. ‘आमच्याकडे कचऱ्याचा डबा उपाशी असतो,’ असं सरितावहिनी म्हणायच्या.

इथे पंचाहत्तरीनंतर गाडी चालवायची तर दर वर्षी डॉक्टरांकडून तपासणीचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. त्यांचा मुलगा राघव सिडनीत कॅसल हिलला असतो. बाबा, आता गाडी बंद करा, म्हणून तो दोन वर्षं मागे लागलाय. विषय निघाला की विलासराव फोन टेबलावर तसाच ठेवून बाहेर चक्कर मारून येतात. गाडी गेली तर त्यांचा दिवस कसा जाईल, हे आम्ही दोघंही बोलत नाही.

त्या दिवशी माझी पत्नी वासंती सोबत होती. समुद्राकाठचे द्राक्षमळे बघायचे, ही तिचीच इच्छा. कायामा मागे टाकलं, गेरिंगॉंगच्या पुढे एका टेकडीवर वळलो. खाली समुद्र, वर वेलींच्या रांगा. विलासराव वाटेत चार ठिकाणी थांबले आणि चारही ठिकाणी दोन मिनिटांत म्हणाले, ‘चला.’

वाइन चाखायच्या खोलीत ते म्हणाले, मी ड्रायव्हर, मला पाणी. तिथल्या बाईंनी आम्हा नवराबायकोसमोर लाकडी फळीवर पाच-पाच पेले मांडले, प्रत्येकात दोन घोट. नको असेल ते ओतायला शेजारी स्टीलची बादली ठेवली. मी नुसते ओठ ओले केले. वासंती म्हणाली, हे तर सर्दीचं औषध. तिने पेला बादलीकडे नेला, तसा विलासरावांनी हात पुढे केला.

‘वहिनी, ओतू नका. वर्षभर कुणीतरी राबलंय त्याच्यावर.’

आणि ते प्यायले. मग पुढचा. मी खिडकीतून समुद्राकडे बघत होतो. वळून पाहिलं तेव्हा दहाही पेले रिकामे होते आणि बादली कोरडी. सकाळपासून त्यांच्या पोटात फक्त चहा होता.

त्यांचा तोल जात नव्हता, जीभ अडखळत नव्हती. फक्त कान लाल झाले होते आणि ते कारखान्यातली एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत होते. पेले उचलताना बाईंनी हळूच विचारलं, गाडी कोण चालवणार? वासंतीला येत नाही. मलाही येत नाही. किल्ली टेबलावर होती. मी ती उचलली आणि खिशात घातली.

मी जन्मात कुणाला अडवलेलं नाही. माझं चुकत असेल असंच वाटत होतं, अजूनही थोडं वाटतं. वासंतीने राघवला फोन लावायला पर्स उघडली, तेव्हा विलासरावांचा आवाज बदलला.

‘राघवला कळवलंत तर माझी गाडी संपली. उद्याच येऊन घेऊन जाईल.’

‘कळवत नाही,’ मी म्हणालो. ‘पण किल्लीही देत नाही.’

ते ताडकन बाहेर गेले आणि वेलींच्या कडेने फेऱ्या घालू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा माघारी. मी चार पावलं मागे, हात खिशात. तास झाला, दीड तास झाला. वासंती बाकावर बसून आमची परेड बघत होती.

‘नरेंद्रा, तुला साधी रिव्हर्स घेता येत नाही,’ ते न वळता म्हणाले, ‘आणि वॉचमनसारखा माझ्यामागे फिरतोयस.’

‘हो.’

शेवटी बाईंनीच मार्ग काढला. गाडी रात्रभर अंगणात राहू दे म्हणाल्या आणि टॅक्सी बोलावली. गेरिंगॉंगहून आम्ही ट्रेनने परतलो. डबा रिकामा होता, तरी विलासराव दाराशी उभेच. उतरल्यावर माझी वाट न बघता पुढे निघून गेले. किल्ली रात्री माझ्या उशाशी होती आणि मी सारखा दचकून जागा होत होतो.

सकाळी साडेआठला हॉर्न कसा वाजणार? बेल वाजली. आम्ही दोघं ट्रेनने परत गेलो. मळ्याच्या अंगणात त्यांनी हात पुढे केला, मी किल्ली दिली. गाडीत बसले, पण ती सुरू केली नाही.

‘काल मी चालवली असती.’

‘माहीत आहे.’

‘आणि बहुतेक काही झालं नसतं.’

‘बहुतेक,’ मी म्हणालो.

ते बराच वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. मग त्यांनी स्वतःच राघवला फोन लावला आणि सगळं सांगितलं, दहा पेल्यांसकट. फोन स्पीकरवर होता. मग राघवने विचारलं, किल्ली कुणाकडे होती? माझं नाव ऐकून तो म्हणाला, ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे पुढच्या फॉर्मपर्यंत, चालवा. पण काका सोबत असतील तरच.

तेव्हापासून कुठेही थांबलो की आत शिरण्याआधी विलासराव किल्ली माझ्या हातात देतात. साध्या चहालासुद्धा. मी ती खिशात टाकतो आणि चहा निवेपर्यंत दहादा खिसा चाचपतो. तोवर त्यांचा कप संपलेला असतो आणि माझ्या कपात किती उरलंय, ते बघत उभे असतात.